पार्टिशन काढा म्हणतंय

आमच्या अप्पांना भाकरी उभी मिळते. आडवी मिळत नाही, कारण फटीतून ती आडवी येतच नाही.

नीट सांगते. सोलापुरात सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर. अप्पा म्हणजे महिपती ड्रायव्हर. जन्मभर एसटीत सोलापूर-करमाळा गाडी चालवली आणि हे घर बांधलं. त्या घराच्या हॉलमध्ये मधोमध प्लायवूडचं पार्टिशन उभं आहे. गल्लीच्या बाजूला माझा थोरला भाऊ शिवराज आणि आई. मागच्या बाजूला धाकटा अभिमन्यू आणि अप्पा. व्हय, बरोबर वाचलंत. आईबापाचीही वाटणी झाली. एक म्हातारी तुला, एक म्हातारा मला.

पार्टिशन जिथं खिडकीला भिडतं तिथं सुताराला प्लाय नीट बसवता आला नाही. हात जाईल एवढी फट राहिली. आई त्या फटीतून रोज अप्पांना कडक भाकरी सरकवते. आमच्याकडची कडक भाकरी पापडासारखी पातळ आणि खडखडीत असते, उभी धरली तरी वाकत नाही. मऊ भाकरी फटीत दुमडते, तिचा लगदा होतो. धाकटी वहिनी अप्पांना गरम पोळ्या करून घालते, पण ह्या माणसाला हात माझ्या आईचा, सोनाबाईचाच लागतो. म्हणून पार्टिशन झाल्यापासून माझा बाप कडाकडा भाकरी फोडून खातोय आणि दोन्ही पोरं पार्टिशनच्या दोन बाजूंनी तो आवाज ऐकून गप्प बसतायत. लाज वाटायला पाहिजे. वाटत नाही.

वाटणी केली रावजीमामानं. नातेपुत्याहून इस्त्रीची टोपी घालून आला, पंच म्हणून खुर्चीत बसला. त्याला शब्द एकच येत होता. निम्मं. पातेली निम्मी, खुर्च्या निम्म्या, कुंड्या निम्म्या. दोघा भावांनी मिळून एक गेमची मशीन घेतली होती. रविवारी सकाळी दोघं टीव्हीपुढं मांडी घालून क्रिकेट खेळायचे आणि आउट झालं की मशीनला शिव्या द्यायचे. मामानं मशीन थोरल्याला दिली, टीव्ही धाकट्याला दिला, आणि कंट्रोलर एकेक. म्हणजे इंजिन एकाकडं, समोरची काच दुसऱ्याकडं, आणि गाडी कुणाचीच नाही. त्या दिवसापासून मशीन बंद.

मग मामाला एक काळी डबी दिसली. काड्यापेटीच्या दीडपट असेल.

"ह्ये काय हाय?"

"हार्ड डिस्क हाय मामा," अभ्या म्हणाला. "यूएसबीनं लावायची. घरचे फोटो, लग्नाचे व्हिडिओ सगळे ह्यात."

"मग निम्मं करा."

आणि ह्या दोन शहाण्यांनी केलं! एकजण मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो, दुसरा बँकेत कॉम्प्युटरपुढं बसतो. दोघांनी डबी दुकानात नेऊन तिचे आत दोन कप्पे पाडून आणले. एका कप्प्याचं नाव शिवराज, दुसऱ्याचं अभिमन्यू. डबी ठेवली आईच्या कपाटात, साड्यांखाली. ज्याला फोटो बघायचा त्यानं मागून न्यायची, आपापल्या कप्प्यात बघायचं आणि परत आणून द्यायची.

आणि मला? मला पेढा. हक्कसोडीच्या कागदावर माझी सही घेतली आणि मामा म्हणाला, "पोरीचं काय, भाऊबीजेला साडी न्हेईल की." अप्पा मान खाली घालून बसले होते. मी सही केली, पेढा तिथंच ताटलीत ठेवला, आणि माझं जे तोंड सुटलं ते अजून मिटलेलं नाही.

मी ऋतुजा. जुळे सोलापुरात राहते, शाळेच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात कटिंग करते. कापणं हा माझा धंदा आहे. कुठं कापायचं आणि कुठं कात्री ठेवून द्यायची हे मला ह्या दोघांपेक्षा जास्त कळतं.

पार्टिशननंतरच्या पहिल्या भाऊबीजेला मी दोनदा ओवाळलं. इकडं दादाला ओवाळलं, निरांजन विझवलं, ताट घेऊन शेजारच्या गौरम्माच्या अंगणातून वळसा घालून मागच्या दारानं अभ्याकडं गेले आणि पुन्हा निरांजन पेटवलं. गौरम्मा अंगणात भांडी घासत होती. म्हणाली, "अय्यो, ओवाळायची पण शिफ्ट ड्यूटी काय गं?" मला जमिनीत गाडल्यासारखं झालं.

म्हणून ह्या वर्षी मी आधीच दोघांना फोन करून बजावलं. "ताट एक, निरांजन एकदाच पेटेल. दोघं एका पाटावर बसलात तर ओवाळीन. नाहीतर ताट तसंच घेऊन घरी जाईन, आणि पुन्हा भाऊबीजेला माझी वाट बघू नका."

दोघांनी एकच उत्तर दिलं. "मी त्याच्या उंबऱ्यात पाय ठेवणार न्हाय."

मी नुसतं बोलत नाही. सोबत एक चकती घेऊन गेले होते. बस चालवायचा गेम.

आता हे कळायला अप्पा माहीत पाहिजेत. रिटायर झाल्यापासून हा माणूस खुर्चीत बसून पायानं क्लच दाबतो. झोपेत गिअर टाकतो. दारात रिक्षा वाजली तरी कुरकुरतो, "हॉर्न कसा मारतंय बघ, शिकवलंच न्हाय कुणी." त्यांना मी फोनवर सांगितलं होतं, अप्पा, तुमच्यासाठी बस आणते, घरात बसून चालवा. म्हातारा सकाळपासून दाढी करून, खाकी शर्ट घालून टीव्हीपुढं बसलेला. खाकी! ट्रंकेतून काढलेला!

दोन्ही पोरांनी तो शर्ट बघितला. अभ्यानं समोरून आणि दादानं फटीतून. नाही कोण म्हणणार? मशीन थोरल्याच्या बाजूला, टीव्ही धाकट्याच्या बाजूला, आणि मधल्या भाकरीच्या फटीतून वायर. असं ठरलं. दोन्ही वहिन्या घरात नव्हत्या. भाऊबीज ना, पोरांना घेऊन आपापल्या भावांकडं करमाळ्याला गेल्या होत्या. एकाच एसटीनं, शेजारी बसून, एका पिशवीतला चिवडा खात. भांडण त्यांचं नव्हतंच कधी.

दादानं मशीन चालू केली. मी चकती आत सरकवली. पलीकडून अभ्या ओरडला, "तायडे, सांग त्याला, जागा न्हाय म्हणतंय. मशीनचं पोट भरलंय. बाहेरनं ड्राइव्ह जोडा म्हणतंय."

दोघं एकमेकांशी बोलत नव्हते ना. त्यामुळं मी पोस्टमन.

मी आईकडं बघितलं. आईनं कपाट उघडलं, साड्यांखालून काळी डबी काढून दिली. दादानं वायर लावली. डबीचा निळा दिवा लागला.

"सांग त्याला, लावली."

"सांग त्याला, दिसत न्हाय."

"दिसत न्हाय म्हंजे? दिवा लागलाय!"

"दिवा तिकडं लागलाय. हितं लिहून आलंय की यूएसबी ड्राइव्ह ओळखता येत न्हाय."

"नीट वाचायला सांग त्याला."

"मी बी.कॉम. हाय म्हणावं!"

"एटीकेटी लागून लागून झालाय म्हणावं!"

मी म्हटलं, "मी काही सांगत नाही. दोघांना ऐकू जातंय."

दादानं वायर पुढच्या भोकातून काढून मागच्या भोकात लावली. ओळखता येत नाही. वायर उलटी धरून पुन्हा लावली. नाही. दादाचा रिवाइंडिंगचा हात, त्याला गप्प बसवत नाही. पॉलिश पेपर आणून पिनेवर घासला, मग जोरात फुंकला. अप्पांनी पलीकडून सल्ला दिला, "एकदा धक्का मारून बघ."

"अप्पा, बस न्हाय ती."

"गाडी कुठलीबी असू दे, धक्क्यानं सुरू हुती."

आई म्हणाली, "साड्यांखाली गारठली असंल. वाईच ऊन दाखवू का?"

मी दोनदा वळसा घालून अभ्याकडं गेले, टीव्ही बघून आले. तिसऱ्या फेरीला गौरम्मा दारातच खुर्ची टाकून बसली. "एनायतु ऋतुजा? काय झालं? सकाळपासून पळतीस, कुणाला डोहाळे लागले काय?"

"मशीनला डबी ओळखू येत नाही, गौरम्मा."

"दोन भाऊ एकाच घरात ऱ्हाऊन ओळख देत न्हाईत. मशीनला कशाला नावं ठेवतीस?"

मी परत दादाकडं आले तेव्हा एक गंमत झाली होती. मी नसताना त्यांना पोस्टमन उरला नव्हता. दोघं फटीला तोंड लावून थेट ओरडत होते.

"हब काढ की मधला! सरळ मशीनला लाव!"

"हब न्हाईच लावलेला!"

"मग मशीन बंद करून चालू कर!"

"केली दोनदा! तू काय झोपला होतास?"

"केबल बदल!"

"केबल तुझ्याकडं हाय! वाटणीत न्हेलीस ती निळी!"

फटीतून निळी केबल आली. उभी. दादानं ती घेतली, लावली, आणि आम्ही सगळे कान देऊन थांबलो. पार्टिशनच्या ह्या बाजूला तिघं, त्या बाजूला दोघं.

"ओळखता येत न्हाय," अभ्या म्हणाला.

फटीतून मला दिसलं, अप्पांनी खाकी शर्टाचं वरचं बटण काढलं. ड्यूटी कॅन्सल झाल्यासारखं. माझं ताट खिडकीत तयार होतं. कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी, न पेटवलेलं निरांजन. मला वाटलं, आता उचलावं आणि निघावं. बोलले तसं करावं लागतं, नाहीतर पुढच्या वेळी कोण ऐकणार?

"थांब, थांब!" अभ्या ओरडला. "अजून माहिती म्हणून बटण हाय. दाबतो. कारण दिलंय! इंग्लिशमधी हाय, थांब... एकापेक्षा जास्त... पार्टिशन... हां! पार्टिशन काढा म्हणतंय!"

इकडं दादाच्या हातातली केबल तशीच राहिली.

"काय म्हणाला?"

"पार्टिशन काढा म्हणतंय!"

"कोण म्हणतंय?"

"मशीन!"

"मशीन," दादा म्हणाला. त्याचा आवाज खाली गेला. त्याचा आवाज खाली गेला की समजायचं भडकला. "मशीन म्हणतंय व्हय? मशीनला माझ्या घरातलं पार्टिशन दिसलं व्हय?"

"अरे, मी इंग्लिशचं मराठी करून सांगतोय..."

"प्लाय कुणी पसंत केला? डार्क कलर पाहिजे म्हणून कोण नाचत होतं? आणि आता सणासुदीला, बहिणीसमोर, आईबापासमोर मला सांगतोस पार्टिशन काढ? चांगुलपणा तुझा आणि वाईट मी?"

"प्लाय तुझ्या ओळखीच्या दुकानातनं आणला!"

"सुतार कुणाचा होता?"

"खिळे कुणी धरले?"

मला एका सेकंदात सगळं कळलं. दोन कप्पे! मामाचं निम्मं! मशीनला डबीच्या आतलं पार्टिशन नको होतं. डबी आतून अखंड पाहिजे होती. मी सांगायला तोंड उघडलं.

आणि मिटलं. कारण दादा पायात चप्पल सरकवत होता.

"दाखव मला कुटं लिहिलंय! डोळ्यांनी वाचतो! न्हाय लिहिलेलं दिसलं तर बघ!"

दादा दारातून बाहेर पडला. मी जागची हलले नाही. गौरम्माच्या अंगणातून आवाज आला, "अय्यो शिवराज! वाट चुकलास काय?" त्यावर दादाचं काहीतरी पुटपुटणं. मी फटीला डोळा लावला.

अभ्याच्या दारात दादा थांबला. उंबऱ्यावर धाकट्या वहिनीनं सकाळी जाण्याआधी काढलेली रांगोळी होती, अगदी ताजी, कमळाची. चपलेसकट कसा जाणार? त्यानं चप्पल काढली. आमच्यात चप्पल काढून आत आलेला माणूस पाहुणा होतो, त्याला हाकलता येत नाही. रांगोळीवरून लांब पाय टाकून दादा आत गेला, थेट टीव्हीपुढं उभा राहिला आणि ओठ हलवत वाचायला लागला.

पार्टिशनच्या ह्या बाजूला आईचा आवाज आला. "ऋतू, कोण म्हणलं पार्टिशन काढा?"

आई स्वयंपाकघरातून आली होती. शेंगाची चटणी कुटत होती, त्यामुळं हातात लोखंडी बत्ता, त्याला तिखट लागलेलं.

मी म्हटलं, "मशीन म्हणतंय आई."

आता इथं मला कुणी दोष देऊ नये. मी खरं तेच सांगितलं.

आई म्हणाली, "कुणाचं तरी डोकं ठिकाणावर हाय म्हणायचं." आणि तिनं पदर खोचला, आणि पार्टिशनवर बत्ता हाणला.

धाड!

पलीकडून अप्पांचा आवाज आला. त्यात घाबरणं नव्हतंच. "सोने! वर नगं, खाली मार! खालचे स्क्रू ढिले हायती!"

"तुमाला काय म्हाईत?"

"रोज दुपारी चमच्यानं ढिले करतोय मी!"

धाड! धाड! मी बघत राहिले. माझ्या आईनं जन्मात कुणाला मोठ्यानं अरे म्हटलं नव्हतं. तिसऱ्या घावाला खालचा पट्टा सुटला, मधला अख्खा पत्रा, म्हणजे प्लायचा तुकडा हो, दरवाजाएवढा, कुरकुरत हलला आणि पलीकडं कलायला लागला. पलीकडं काय होतं? टीव्ही होता.

"टीव्ही!" अभ्या किंचाळला.

"धर!" दादा किंचाळला.

दोघांनी झेप घेऊन हात वर केले आणि तो प्लाय तळव्यांवर झेलला. धुरळा खाली बसला तेव्हा चित्र असं होतं. दोन्ही भाऊ खांद्याला खांदा लावून, डोक्यावर तो प्लाय धरून उभे. भोकात माझी आई, हातात बत्ता, तोंडावर टीव्हीचा उजेड. आणि खुर्चीत अप्पा, खाकीचं वरचं बटण पुन्हा लावताना.

"आई, अगं डबीचं पार्टिशन म्हणत होतं ते!" अभ्या म्हणाला.

"मग तसं सांगायचं की नीट," आई म्हणाली.

दादानं मान वळवून अभ्याकडं बघितलं. हात वर अडकलेले, त्यामुळं मारताही येत नव्हतं. "गाढवा, डबीचं म्हणायला काय झालं होतं तुला?"

"तू ऐकून घेतोस काय कधी पुरतं?"

"मल्टिपल पार्टिशन लिहिलंय तिथं. मल्टिपल!"

"आपल्या घरात पण मल्टिपलच हाय की!"

आधी अप्पा हसले. मग आई. मग ते दोघं असे हसायला लागले की प्लाय त्यांच्या डोक्यावर हलायला लागला.

मी भोकातून पलीकडं गेले. "हळू खाली घ्या. आडवा ठेवा. हां. आता बसा त्यावर."

"कशाला?" दादा म्हणाला. "मी एवढं बघून जातो."

"डबी दुरुस्त करायचीय ना? बसा."

बसले. माझ्या स्कूटीच्या डिकीत कारखान्याचा लॅपटॉप होता, तो आणून मी त्यांच्यापुढं ठेवला. डबीतली भिंत पाडायची तर आधी दोन्ही कप्प्यांतलं सामान बाहेर काढून ठेवायला पाहिजे, नाहीतर सगळं पुसलं जाणार. झालं, पुन्हा सुरू.

"माझं आधी त्याच्या कॉम्प्युटरात टाकू? उद्या माझंच म्हणेल."

"तुझ्या दुकानातल्या त्या डबड्यात मी माझं ठेवू? तिथं उंदीर हायत."

"माझ्याकडं टाका," मी म्हटलं. "वाटणीत माझं काहीच नाही. माझ्याकडं जागाच जागा आहे."

दादानं भोकातून डबी आणून माझ्यापुढं ठेवली. ते मात्र नीट लागलं दोघांना. लागायलाच पाहिजे होतं.

आधी शिवराजचा कप्पा घेतला. पट्टी हळूहळू सरकत होती. आईनं करंज्या आणल्या. कुणाच्या डब्यातल्या कुणास ठाऊक, दोघांनी खाल्ल्या. मग अभिमन्यूचा कप्पा घ्यायला गेले तर लॅपटॉप विचारायला लागला, ह्या नावाची फाइल आधीच आहे, बदलू का? मी नाही म्हटलं. पुढची फाइल. आधीच आहे, बदलू का? त्याच्या पुढची. आधीच आहे.

"काय भानगड हाय?" दादानं मान पुढं घातली.

भानगड अशी होती की वाटणीच्या वेळी दोघांनी, एकमेकांना न सांगता, सगळंच्या सगळं आपापल्या कप्प्यात भरून घेतलं होतं. दादाच्या कप्प्यात अभ्याच्या लग्नाची वरात. अभ्याच्या कप्प्यात दादाच्या दुकानाचं उद्घाटन. दोन्हीकडं आई झोपाळ्यावर, दोन्हीकडं अप्पा शेवटच्या ड्यूटीला हार घालून गाडीत चढताना.

"माझ्या दुकानाचा फोटो तू कशाला घेतलास?" दादानं विचारलं.

"मी होतो की त्यात. नारळ मी फोडला."

"आणि माझ्या वाढदिवसाचे?"

"तू नाचलास ना त्यात. कधी मूड गेला की बघतो."

दादानं करंजीचा कोपरा चावला. मग म्हणाला, "तुझी वरात मी पण बघतो. तू घोड्यावरनं पडलास ती."

मी खिडकीतलं ताट आणलं. काड्यापेटी मागितली नाही, अप्पांनी आपणहून पुढं केली. निरांजन पेटलं. दोघांनी प्लायवर नीट मांडी घातली, डोक्यावर रुमाल टाकले. अभ्याकडं रुमाल नव्हता, दादानं आपलाच अर्धा त्याच्या डोक्यावर टाकला. निम्मं निम्मं, मामा! कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, एकाच ताटानं, एकाच फेऱ्यात दोघांना ओवाळलं. गौरम्मा मागच्या दारात येऊन उभी होती. डोळे पुसत होती आणि वर म्हणत होती, "धुरळा लई उडवला बाई तुम्ही."

"ओवाळणी काय घालू?" दादानं खिसा चाचपला.

"पैसे नकोत. साडी तर नकोच नको. थांब, मागते."

लॅपटॉपवर दोन्ही कप्पे पुसले, एक अखंड केला. डबी मशीनला लावली. ह्या वेळी मशीन प्लायच्या भोकातून उचलून टीव्हीजवळच आणली होती. पडद्यावर लिहून आलं, नवीन ड्राइव्ह सापडला. घरात असा ओरडा झाला की गल्लीतली कुत्री भुंकली.

मशीननं विचारलं, फॉरमॅट करू का? दोघांच्या हातात एकेक कंट्रोलर. दोघांनी एकदम बटण दाबलं आणि पडदा दोन पावलं मागं गेला. पुन्हा आणलं. पुन्हा दोघांनी दाबलं. मी दोघांच्या हातांवर चापट मारली आणि स्वतः दाबलं.

मग मशीन म्हणाली, ड्राइव्हला नाव द्या.

अभ्यानं दादाकडं बघितलं. दादानं अभ्याकडं. दोघांच्या तोंडावर तोच जुना प्रश्न यायला लागला होता, मला दिसला.

"ही माझी ओवाळणी," मी म्हटलं, आणि एकेक अक्षर निवडून टाकलं. ऋतुजा. "आता घरातले सगळे फोटो बहिणीकडं, आणि बस बहिणीच्या डबीत. मामाला नातेपुत्याला फोन करून सांगा. पेढा पाठवते म्हणावं."

दादा हसला. "टाक. तुझंच हाय."

गोड शेवट करायची मला सवय नाही, म्हणून हेही सांगून टाकते. चुली अजून दोनच आहेत. पार्टिशनचे दोन्ही कडेचे तुकडे अजून उभे आहेत, आणि दुसऱ्याच दिवशी प्लाय पुन्हा लावायचा की नाही ह्यावर दोघं भांडले. पण भांडले ते एकाच सोफ्यावर बसून, आणि प्लाय अजून लावलेला नाही. आई भोकातून जाते-येते. भाकरी मऊ झालीय.

त्या संध्याकाळचं मात्र शेवटपर्यंत सांगते. गेम आत उतरला. पडद्यावर लाल बस आली. अप्पांनी कंट्रोलर हातात घेतला, नाकाजवळ नेऊन बघितला आणि विचारलं, "क्लच कुटं हाय?"

"क्लच न्हाय अप्पा. हे दाबलं की पुढं, हे दाबलं की ब्रेक."

"बिनक्लचची गाडी? चालवायची कशी माणसानं?" पण बूड खुर्चीत घट्ट रोवलं त्यांनी. आरसा नव्हता तरी मान वळवून मागं बघितलं. पडद्यावरच्या स्टॉपवरून माणसं चढली, दार बंद झालं. आम्ही सगळे पडद्याकडं बघतोय. बस हलेना.

"अप्पा, बटण दाबा की," अभ्या म्हणाला.

"डबल बेल कुटं झाली अजून?" अप्पा गुरकावले. "बेल झाल्याशिवाय मी गाडी हलवत नसतो. कंडक्टर कोण हाय?"

आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. आई उठली, भोकातून पलीकडं गेली, चटणीचा खलबत्ता उचलून आणला आणि अप्पांच्या मागं येऊन उभी राहिली. पदर खोचलेलाच होता.

"करमाळा, करमाळा," ती म्हणाली, आणि बत्ता खलावर हाणला.

ठण ठण.

आणि अप्पांनी गाडी काढली.